प्रवचनात फुटलेली अंडी

थर्झा आमच्या शेजारच्या लेव्हाय पार्मलीची धाकटी बायको. थोरली केटुरा; आमच्या पंथात एकाला दोन बायका असायची रीतच होती. दोघींची घरं एकाच आवारात, मधे विहीर. लेव्हाय एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. सवतींचं बोलणं म्हणजे पोहरा मोकळा झाला का, एवढंच.

त्या वसंतात आमच्या बायकांच्या मंडळानं ठरवलं, सॅनपीट खोऱ्यात रेशीम पिकवायचं. तुतीची झाडं होती, पण किडे म्हटल्यावर आम्ही सगळ्या मागे सरलो. थर्झा तेवढी पुढे झाली. थंडी काही हटेना आणि किड्यांच्या अंड्यांना तर ऊब हवी. तिनं ती पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून पोलक्यात, छातीशी ठेवली.

"कोंबडीच झालीस की," लेव्हाय म्हणाला.

"कोंबडीला खुराड्यात कोंबडा तरी असतो," थर्झा म्हणाली. तो आठवडा केटुराकडचा होता.

रविवारी सभेत दोघी शेजारीशेजारी बसल्या. प्रवचन संयमावर होतं आणि ते लांबलं. गर्दीनं सभागृह तापलं आणि थर्झाच्या पोलक्यात अंडी फुटली. काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी पिल्लं गळ्याकडे चढू लागली. हललं तर चिरडतील म्हणून थर्झा ताठ बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रवचनकारांना वाटलं, आपले शब्द हिला लागले. त्यांनी आवाज चढवला.

केटुराला साध्या गांडुळाचीही भीती. तिला कॉलरवर काहीतरी दिसलं.

"हे काय गं?"

"रेशीम."

"अगं, ते चालतंय."

"ताई, आत अजून आहेत."

केटुरानं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत देवाला काहीतरी सुनावलं, आणि आपल्या ठेवणीतल्या टोपीचं पीस उपटलं. त्या पिसानं ती एकेक पिल्लू अलगद टोपीत झाडू लागली. थर्झाला गुदगुल्या झाल्या. तिला हसू आवरेना, मग केटुरालाही आवरेना. दोघींनी रुमालात तोंडं खुपसली. खांदे गदगदताना बघून मागच्या बाकावरच्या बायका रडायला लागल्या. त्यांत मीही होते.

शेगडीची खोली केटुराकडे होती, म्हणून किडे तिथेच गेले आणि त्यांच्यामागोमाग थर्झा. लेव्हायच्या पलंगावर पाल्याची तबकं मांडली गेली आणि त्याचं अंथरूण गोठ्यात गेलं.

"या आठवड्यात माझी पाळी कोणाकडे?" त्यानं दारातून विचारलं.

"तुतीकडे," केटुरा म्हणाली. "टोपली घेऊन जा, आणि पाला ओला आणू नका."

कोष झाले, उकळले, सूत निघालं. एक शाल झाली, गाठीगाठींची. ती दोघी आलटूनपालटून पांघरायच्या. थर्झा मात्र परत आपल्या घरी गेलीच नाही. ते रिकामं घर लेव्हायला मिळालं.

शरदात एकदा मी त्याला रस्सा द्यायला गेले. तो करपलेली घेवड्याची उसळ खरवडत होता.

"किडे किती दिवस जगतात हो?"

"ते कधीच संपले, भाऊ."

"मग त्या दोघी अजून तिथे करतात काय?"

मी कान दिला. विहिरीपलीकडून आवाज येत होता.

"हसतात," मी म्हटलं.