छताला टेकलेले फुगे

कोपर स्टेशनबाहेरच्या फुगेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फुगा भरला की तो गालाशी धरून बघतो, कुठून हवा लागते का. आणि फुगा कधीसाठी हवाय हे सांगितल्याशिवाय सिलिंडरला हात लावत नाही.

माझे सासरे दोन वर्षं अंथरुणावर आहेत. उताणं पडून त्यांना फक्त छत दिसतं, म्हणून ऐंशीव्या वाढदिवसाला छतभर फुगे सोडायचं मी ठरवलं. रविवारी पाहुण्यांची गडबड, म्हणून शनिवारी दुपारीच न्यायला गेले.

"वहिनी, रबरातून हेलियम झिरपतो. उद्या खाली येतील."

"मग गाठ घट्ट मारा की."

"गाठीतून नाही हो, अख्ख्या अंगातून जातो. ते चकचकीत फॉइलचे न्या, चार दिवस टिकतील."

मी ऐकलं नाही. त्याने रबराचेच भरून दिले आणि फक्त पत्ता विचारून घेतला.

रविवारी सकाळी सगळे फुगे जमिनीवर लोळत होते. आठ वाजता बेल वाजली. दारात तो, खांद्यावर सिलिंडर.

"गाठ घट्ट होती ना, वहिनी?"

नवे फुगे सोडून झाल्यावर तो सासऱ्यांच्या खाटेशेजारी फरशीवर चक्क उताणा झोपला. वर बघत म्हणाला, "आजोबांना पंख्यामागचे दिसतच नाहीत." मग उठून त्याने दोऱ्या ओढल्या आणि फुगे अलीकडे आणले.

"आता दिसले," सासरे म्हणाले.

दोन वर्षं त्यांचं सगळं मीच करते. पण तिथून काय दिसतं, हे आडवं होऊन मी एकदाही पाहिलं नव्हतं.