खामगावच्या रस्त्यावर बाबांनी काढलेला विषय
ओल्या कोथिंबिरीचा वास आला की दहावीतली ती सकाळ आठवते. जुड्यांनी भरलेल्या टेम्पोतून बाबा आणि मी खामगावच्या बाजाराला निघालो होतो. रस्त्यावरची नजर न हलवता बाबा म्हणाले, "तुह्या मोबाइलात मले ते नागडे व्हिडिओ दिसले." माझे कान तापले. "भेऊ नको. या वयात पाहावं वाटते. पण ते कॅमेऱ्यासाठी केलेलं नाटक हाये. खऱ्या बाईले तिची मर्जी विचारा लागते." बाजारात आम्ही जुड्या उतरवल्या. परतताना मी धीर करून मनातली एक शंका विचारली. बाबा म्हणाले, "हे तं मले बी माहीत नाही. डॉक्टरले विचारू." आणि खरंच त्यांनी टेम्पो दवाखान्यासमोर उभा केला. आता मलाही मुलगा आहे. त्याच्याशी बोलायला सगळी उत्तरं पाठ असावी लागतात, असं मला वाटत नाही.