चांद्याच्या वेशी, विजेचे खांब आणि एक ओंजळ पाणी

माझी नात यमुना हिला चांद्याचे स्थळ सांगून आले, तेव्हा घर पाहावयास कोणी जावे, असा प्रश्न निघाला. चौथी इयत्ता उत्तीर्ण झालेला आणि स्टेशनावरील पाट्या स्वतः वाचू शकणारा असा घरात मी एकटाच असल्यामुळे निवड अर्थातच माझी झाली.

आमच्या ब्रह्मपुरीकडे या कामाची एक पद्धत आहे. घर पाहावयास गेलेल्या वडीलधाऱ्याने स्थळ पसंत पडेपर्यंत त्या घरचे पाणी घ्यावयाचे नाही. पाणी घेतले की होकार झाला. मग शब्द फिरविता येत नाही. निघताना माझी पत्नी म्हणाली, "फागुन लागला, चांद्याले ऊन लय असते. पाण्याचं ध्यान ठेवजा."

"मला या गोष्टी शिकविण्याची आवश्यकता नाही," असे मी तिला सांगितले.

ब्रह्मपुरीहून चांद्यास छोटी गाडी जाते. ती इतकी सावकाश चालते की वाटेतील मोहाची झाडे नीट ओळखता येतात. सोबत भाकरी व ठेचा अवश्य न्यावा. मात्र ठेच्यात मिरची बेताची असावी. त्या दिवशीची बेताची नव्हती, आणि पुढे जे घडले त्यात या मिरचीचा वाटा आहे, असे माझे मत आहे. चांदा फोर्ट स्टेशनावरून शहरात टांगा मिळतो. टांगेवाला प्रथम सांगेल त्याच्या निम्म्यात तो येतो, आणि निम्म्यातही त्याचे नुकसान होत नाही.

शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला भक्कम परकोट आहे. जटपुऱ्याच्या वेशीवर हत्तीच्या पाठीवर चढलेला सिंह कोरला आहे. सिंह लहान नाही, पण हत्ती फारच लहान आहे. कारागिराने हत्ती पाहिला नसावा, किंवा सिंह राजाचे चिन्ह असल्यामुळे राजा स्वतः शेजारी उभा असावा.

मुलाचे वडील नामदेवभाऊ पठाणपुऱ्याच्या वेशीजवळ राहतात. पितळी भांड्यांचे दुकान, घर नीटनेटके, पुढे सारवलेला ओटा. मी ओट्यावर बसलो. घरातील बाईमाणूस रिवाजाप्रमाणे दाराआडच राहिले. नामदेवभाऊंनी पाण्याचा लोटा पुढे केला.

"घ्या भाऊ. उन्हाचे आले."

"तहान नाही," मी म्हणालो.

"तुमचे ओठ तर येगळंच सांगून राह्यले."

"माझ्या ओठांची आपण काळजी करू नये."

त्यांनी हसून लोटा बाजूस ठेवला आणि म्हणाले, "बरं, मंग गाव तर पाहा. गाव पाह्याले तर बंदी नाई ना?"

अशा रीतीने माझे चांदादर्शन सुरू झाले. अचलेश्वराचे देऊळ, राजांच्या समाध्या आणि झरपट नदीजवळील महाकाली ही तिन्ही स्थाने एकमेकांजवळ असून सकाळीच पाहावीत. मी ती भर दुपारी पाहिली. समाध्यांचे दगड इतके तापले होते की राजांविषयी कणव वाटली. झरपट वाळूतून वाहत होती. पावसाळ्यात हिचे व इरई नदीचे पाणी परकोटास लागते आणि वेशी बंद कराव्या लागतात, असे नामदेवभाऊ अभिमानाने सांगत होते. मला त्या वेळी पाण्याविषयी काहीही ऐकावयाचे नव्हते.

नंतर त्यांनी नवलाई दाखविली. मोटारस्टँड, बोलपटाचे थिएटर, आणि रस्तोरस्ती विजेचे खांब. एका खांबापाशी ते थांबून वर पाहू लागले.

"हा आमचा माधव."

होऊ घातलेल्या नातजावयाचे प्रथम दर्शन मला तळपायांच्या बाजूने झाले. तो तारा ओढण्याच्या कामावर आहे. वडिलांचा आवाज ऐकून त्याने वरूनच दोन्ही हात जोडले.

"आशीर्वाद घरी घे! आधी खांब धर!" मी ओरडलो. घसा इतका कोरडा होता की शेवटचा शब्द अर्धाच निघाला.

परतताना पठाणपुऱ्याच्या चौकात नामदेवभाऊ पान घेण्यास थांबले. मी पुढे चालू लागलो. तेथे सरकारी नळ आहे. मी विचार केला: नळ कमिटीचा. कमिटीस मुलगा नाही. तेव्हा हे पाणी कोणत्याही घरचे नव्हे. मी ओंजळ धरली. नळाने दोन थेंब दिले आणि खाकरून बंद पडला. त्याची वेळ संपली होती.

शेजारी एक बाई भरलेला पितळी गुंड उचलण्याच्या बेतात होत्या. डोईवर पदर, तोंड दिसत नव्हते.

"लय तहान लागली का भाऊ?"

गुंडातील पाणीही नळाचेच, असा मी पुढे विचार केला आणि ओंजळ वळविली. त्यांनी धार धरली. मी पोटभर प्यालो. "अजून?" त्यांनी विचारले. मी अजून प्यालो. थंडगार पाणी होते, हे नाकारता येत नाही.

मागून नामदेवभाऊंचे हसू ऐकू आले. "आमच्या घरचा लोटा परत केला, अन् घरवालीच्या हातचा गुंड रिकामा केला! या इवाई, आता घरी या!" मी व्याही झालो होतो.

"लोटा परत केला तवा दाराआडून पाह्यत होती मी," बाई पदराआडून म्हणाल्या. "तहानलेल्या माणसाले नाई कसं म्हणू?"

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जेवलो. शब्द गेला होता. उपाशी राहून तो परत येणार नव्हता. माधव कामावरून आला, पाया पडला. मुलगा शांत आहे, घर चांगले आहे. मी नाही म्हणालो नसतो, असे मला अजूनही वाटते.

घरी पोचलो तेव्हा यमुना अंगणात तांदूळ पाखडत होती. पत्नीने दारातच विचारले, "पाणी घेतलं का?"

"घेतले," मी म्हणालो, आणि वेशी, समाध्या व विजेचे खांब यांचे सविस्तर वर्णन सुरू केले.

सुपाचा आवाज थांबला. यमुना मान वर न करता म्हणाली, "तहान तुमाले लागली होती आबा. मले कुठं लागली होती?"

तिची आजी तिला रागावली. मी खांबांचे वर्णन तेथेच सोडले. त्या रात्रीचे जेवण मला गेले नाही.

चांदा अवश्य पाहावे. चैत्री पौर्णिमेस महाकालीची यात्रा भरते. त्या वेळी गाडीत उभे राहण्यास जागा नसते, तरी जावे. मी पुन्हा जाणार आहे. या खेपेस यमुना बरोबर येईल. मुलीने आधी घर पाहावयास जाणे आमच्यात कोणी ऐकलेले नाही, म्हणून गावापुरते आम्ही देवीच्या दर्शनास चाललो आहोत. नामदेवभाऊंस मात्र मी खरे कळविले आहे: माझ्या पाण्याने माझा होकार झाला, नातीचा अद्याप व्हावयाचा आहे. त्यांचा निरोप आला, "आणा पोरीले. आमचा चौकातला नळ सकाळी बी येते."

तरीही फिरकीच्या झाकणाचा मोठा तांब्या मी काढला आहे. त्यात आमच्या विहिरीचे पाणी भरून तो यमुनेच्या हाती द्यावयाचा आहे. तिची आजी घासू लागली होती. तिला बाजूस सारून मी तो स्वतः चिंच लावून घासला.