कमळपक्ष्यासाठी बंद राहिलेली मोटार

पक्षीप्रेमींच्या ग्रुपवर सुमनताईंचा निरोप आला: "रविवारी तळ्यात उतरायचंय. जुने कपडे आणा, नाटकं घरी ठेवा." अशा आमंत्रणाला नाही म्हणणं मला जमत नाही. सुमनताई पिंपळवंडीच्या द्राक्ष बागायतदार, आणि शिवारातलं पाणपक्ष्यांचं तळं राखणाऱ्या मंडळींच्या म्होरक्या.

पहाटेच्या एसटीने नारायणगाव गाठलं. स्टँडसमोरची मिसळ खाऊन कान गरम झाले; बिल मात्र पुण्यातल्या कॉफीहून कमी. पुढे वडापची, म्हणजे सीट भरली की सुटणारी जीप. टोमॅटोच्या क्रेटशेजारी पाय दुमडून बसावं लागतं, पण थेट फाट्यावर सोडतात. तिथून तळं चालत जाण्याजोगं आहे. टोपी न्या, वाटेत सावली नाही.

ही मंडळी सावडीने काम करतात. आज तू तळ्यातली जलपर्णी ओढलीस, तर उद्या बाकीचे तुझ्या शेतात येऊन राबणार. मला ही पद्धत फार आवडली.

गुडघाभर चिखलात बराच वेळ ओढाओढ केल्यावर सुमनताई ओरडल्या, "थांबा!" समोरच्या जलपर्णीच्या पुंजक्यावर कमळपक्षी अंडी उबवत बसला होता. त्याच पुंजक्यात तळ्यालगतचे शेतकरी बाळूभाऊ यांच्या पाण्याच्या मोटारीच्या पाइपाचं तोंड अडकलेलं. पुंजका हलवल्याशिवाय मोटार सुरू होणार नव्हती.

बाळूभाऊ काठावरच उभे होते. पावसाने दडी मारलेली, त्यांचे टोमॅटो ऐन फळावर.

"ताई, पाखरू दुसरीकडं घर करंल. माझं पीक जळालं तर पुन्हा उभं ऱ्हाणार न्हाई."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

"आन् मादी कुठंय ह्याची?" त्यांनी विचारलं.

"ती गेली दुसऱ्या नराकडं. यांच्यात अंडी बापच उबवतो," सुमनताई म्हणाल्या.

"आयला! म्हंजे एकटाच बसलाय व्हय उन्हात?" बाळूभाऊ हसले. मग लगेच म्हणाले, "पण माझ्या पाण्याचं काय, ते बोला."

"माझ्या विहिरीचं घे, पिल्लं निघंस्तवर. छाटणीपत्तुर माझ्या बागेला लई पाणी लागत न्हाई. पाइप आमी सगळे टाकतो. सावड समज."

मग काय, जलपर्णी राहिली बाजूला. आम्ही बांधाबांधाने पाइप वाहिले, जोडले, पुन्हा सुटले, पुन्हा जोडले. मध्ये पिठलं-भाकरी झाली. बाळूभाऊंच्या सरीत पाणी शिरलं तेव्हा मला चक्क रडू आलं.

निघताना त्यांनी अडवलं. "पावणं, तुमचं शेत कुठंय? तुमची सावड फेडायची कशी?"

"गॅलरीत चार कुंड्या आहेत."

"येऊ की मग खुरपायला!"

पुण्यात आल्यावर खांदे चांगलेच बोलत होते. ते दुखणं थांबलं, पण विहीर पुरेल का आणि अंडी टिकतील का, ही धाकधूक काही जाईना. इतकी फिरले, पण परत आल्यावर एखाद्या तळ्याची अशी काळजी मला कधी लागली नव्हती.

शेवटी बाळूभाऊंचाच फोन आला. "निघाली पिल्लं! पानांवरनं नुसती पळत्यात!"

"मग मोटार सुरू केलीत?"

"ताई म्हणल्या, कर आता. पण ती अजून पाइपापाशीच खेळत्यात, राव. ऱ्हाऊ द्या की दोन दिस."