दोन-आठच्या बांगड्या

तापलेल्या लाखेचा वास आला की मला नामपल्लीच्या प्रदर्शनातलं बांगड्यांचं ते दुकान आठवतं. बायकोला दरवर्षी दोन-चारचं माप लागायचं. त्या वर्षी दोन-आठच्या बांगड्यासुद्धा हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून कशाबशा चढल्या. ती शेजारी क्लिपा बघायला वळली, तेव्हा बांगड्या भरणारी म्हातारी मला हळूच म्हणाली, "साब, भाभी मोटे नहीं हुए, हाथां की हड्डी चौड़ी हुई. जिंदगीभर हाथां पकड़ी मैं. डाक्टरकू दिखाओ." मी नुसतं "हौ" म्हणालो. "काय म्हणत होती हो?" बायकोनं विचारलं. "म्हणाली, भाभीकू मिरची भजी नक्को," मी म्हणालो. आजूबाजूचे हसले, तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं रात्रीचं जेवण सोडलं. पुढे अंगठी रुतायला लागली, चपला लहान पडल्या, डोकं ठणकायचं, आणि मी प्रत्येक वेळी तिच्या वजनाचीच थट्टा केली. चार वर्षांनी तिला नजरेच्या दोन्ही कडांचं दिसेनासं झालं, तेव्हा मेंदूच्या तळाशी, हाडांची वाढ ठरवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ सापडली. "इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघत विचारलं. तीच म्हणाली, "यांना कसं कळणार, डॉक्टर? रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही." गाठ काढली, कडेची नजर मात्र परत आली नाही. आजही कुणी विचारलं तर ती माझी अशीच बाजू घेते, आणि मी तिला ती घेऊ देतो.