मनकर्णाबाईच्या खिडकीतला काळा ढग

भद्रावतीच्या त्या गल्लीत भर वैशाखात बातमी फुटली ती अशी: मनकर्णाबाईनं घरात पुजारी बोलावला. देवळातला साधासुधा नाही, थेट भामरागडकडचा, जंगलातला, झाडफूक करणारा. त्यानं तोंड बांधून मागच्या खोलीत काहीतरी केलं, आत काहीतरी किंचाळलं, आणि खिडकीतून काळाकुट्ट ढग निघून समोरच्या चिंचेवर जाऊन बसला. मग बाईनं चंद्रपूरहून कसलासा मलम आणला, धनराजच्या विधवेला खोलीत घेऊन दार लावलं, आणि मेलेल्या धनराजला बोलतं केलं. हे सगळं समोरच्या पिंकीच्या आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पिंकीच्या आईचे डोळे म्हणजे काय विचारता! मध्ये दोन भिंती आल्या तरी त्यांना दिसायचं थांबत नाही.

बातमी चवीनं चघळली गेली त्याला कारणही तसंच होतं. घर पाझाऱ्यांचं. मनकर्णाचे आजोबा छपन्न साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि दारात पाय ठेवताच घरातले गंडेदोरे चुलीत घातले. त्या घरात पुजारी! विहारात बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

मनकर्णा पंचेचाळिशीची. भित्रेपणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुकर गॅसवर चढवला की ती अंगणात जाऊन उभी राहायची, शिट्ट्या तिथून ऐकायची. लग्न तिनं केलं नाही. गल्ली म्हणायची, तेही भीतीपोटीच. पण दुसऱ्यांची लग्नं तिच्या हाताखालून किती गेली याची गणतीच नाही. राजदीपच्या फोटो स्टुडिओनं काढलेलं शूटिंग घरी आणायचं, कापायचं, जोडायचं, वर गाणी चढवायची आणि सगळ्यांना आनंदी करून सोडायचं. रुसलेली आत्या दिसली, लाव कात्री. वरणावरून भांडणारे व्याही दिसले, लाव कात्री. कोणाची सून हार घालताना भलतीकडेच पाहत होती, हे मनकर्णाला ठाऊक असायचं. ती सांगायची मात्र नाही. पिंकीच्या आईचा तिच्यावरचा खरा राग हा.

हे काम ज्या कम्प्युटरवर चालायचं तो तिनं स्वतः जुळवला होता. एकेक भाग कधी नागपूरहून, कधी चंद्रपूरहून आणला. रिकामा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं हाफ तिकीट काढा. मांडीवरचा हाये, पण अंगानं मोठा हाये." मोबाइलवरचे व्हिडिओ थांबवत थांबवत तिनं सगळं जोडलं आणि पहिल्यांदा चालू करताना दाराआड उभी राहून मच्छरदाणीच्या काठीनं बटन दाबलं. तो चालू झाला. तेव्हापासून तिचा नियम एकच: चालत्या वस्तूच्या आत बोट घालायचं नाही. वरून पुसायचं, हात जोडल्यासारखं करायचं आणि कामाला बसायचं.

त्या उन्हाळ्यात तो बसल्या बसल्या बंद पडू लागला. दुपार झाली की आतला पंखा घरघरायचा, मग शिट्टीसारखा वाजायचा, मग पडदा काळा. तापमान दाखवणारा आकडा लाल होऊन वर वर चढताना ती पाहत बसायची.

आता चंद्रपूर जिल्ह्यात उन्हावर औषध एकच, कूलर. पोरगं रडलं, कूलर लाव. पाहुणा आला, कूलर त्याच्याकडे फिरव. तेव्हा कम्प्युटर तापल्यावर मनकर्णानं दुसरं काय करावं? तिनं डब्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं आणि खिडकीतल्या कूलरचं तोंड सरळ त्याच्या उघड्या पोटावर धरलं. सुरुवातीला बरं वाटलं. मग तो आणखी लवकर बंद पडू लागला. तिनं टेबल खिडकीजवळ ओढलं. तो त्याहून लवकर बंद पडला.

अशात स्वातीचं लग्न झालं. स्वाती म्हणजे पलीकडच्या वस्तीतल्या धनराज आणि गिरजाबाईची मुलगी. धनराज कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. लग्नाचं सगळं शूटिंग मनकर्णानं आपल्या कम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि कॅमेऱ्याची कार्डं राजदीपला परत केली. सीझन जोरात, दुसऱ्या दिवशी त्याच कार्डांवर दुसरं लग्न. राजदीपचा नियम होता की उतरवलं की लगेच वेगळ्या डिस्कवर दुसरी प्रत. मनकर्णाची ती डिस्क जुन्या लग्नांनी गच्च भरलेली. राजदीपनं फोनवर विचारलं, "दुसरी कॉपी झाली ना, ताई?" ती म्हणाली, "हो, झाली." उद्या करू म्हणून म्हणाली. उद्याला मशीन प्रत होईपर्यंत टिकेना.

आणि मुलगी सासरी रुळते न रुळते तोच धनराजला ऊन लागलं. ड्युटीवरून आला, ओट्यावर बसला, पाणी मागितलं आणि गेला.

गिरजाबाई आली ती भर दुपारी, डोक्यावर पदर ओढून. चहा नको म्हणाली.

"मनकर्णा, रविवारी त्याईचं पुण्यानुमोदन हाये. फोटो तं लावूनच राह्यलो. पण फोटोत ते हलत नाईत ना वो. तुयाजवळ हलते हायेत म्हणते स्वाती."

"हायेत, बाई."

"मंग तेवढेच दे. नाचगाणं काई नको मले. ते जिथं जिथं दिसते तेवढं. आमच्या घरी मोबाइल होता, पण त्याईले काढे कोण? तेच साऱ्याईले काढत राह्यले."

मनकर्णानं मान हलवली. गिरजाबाई गेल्यावर तिनं मशीन लावलं, नवी डिस्क जोडली आणि प्रत काढायला घेतली. हिरवी पट्टी पुढे सरकत होती. मध्यावरही पोहोचली नाही आणि पडदा काळा झाला. पुन्हा लावलं. यावेळी पट्टी आणखी आधी थांबली, आणि मशीन बंद होताना आतून कट-कट असा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. तो डिस्कचा आवाज होता. त्या एका चपट्या डबीत धनराज होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. आणखी एकदा असं बंद पडलं आणि डबीच गेली तर माणूस दुसऱ्यांदा जाणार होता, तोही तिच्या हातून.

डबी काढून राजदीपच्या मशीनला लावता आली असती. पण मग दुसरी प्रत नाही हे सांगावं लागलं असतं. जी बाई कुकरला भिते, ती हे कुठून सांगणार? त्या दिवसानंतर तिनं बटन दाबलंच नाही. गिरजाबाई रोज दारावरून विचारायची, "होऊन राह्यलं ना?" ही आतून म्हणायची, "होऊन राह्यलं." मग कितीतरी वेळ दाराला पाठ लावून उभी राहायची. जेवण जाईना. खोलीत जायची तेव्हा मशीनकडे न पाहता जायची, जणू ते तिच्याकडे पाहत होतं.

शेवटी तिनं ठरवलं, कूलरच कमजोर आहे. त्याचा वारा वाढवायचा. म्हणून तिनं जंगूला बोलावलं.

जंगू मूळचा भामरागडकडचा, पण चौकात कूलर, पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान जुनं. उन्हाचा तोंडाला दुपट्टा गुंडाळून आला, नुसते डोळे दिसत होते. कूलरची जाळी काढून त्यानं गवत बाहेर ओढलं आणि हात तिच्यासमोर धरला. तळवा काळाभोर, चिखलानं लडबडलेला.

"पाहा बाई. गवत हाये का म्हशीची पाठ? खाणीकडून हवा येते, तिच्यासंगं कोळसा येते, पाण्यात भिजते. तुमाले थंडी हवा वाटून राह्यली, हे कूलर तं चिखल फेकून राह्यलं."

मनकर्णा त्या तळव्याकडे पाहत राहिली. मग तिची मान हळूहळू टेबलाकडे वळली. कूलरचं तोंड, उघडं पोट, मध्ये एक वीतभर जागा. जितकं जवळ नेलं तितकं लवकर बंद पडलं. इतके दिवस ती त्याला औषध म्हणून आजारच पाजत होती.

"जंगूभाऊ, ओल्या मोटारी वाळवाचा तो ब्लोअर तुमच्याजवळ हाये ना?"

"हाये. काऊन?"

"आणा. पण कूलर आधी बंद करा."

"बंद? या उन्हात? बाई, तब्येत तं बरी हाये ना तुमची?"

तो ब्लोअर आणायला गेला तेवढ्यात तिनं वायर काढली आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. नियम मोडायचा होता. प्रोसेसरवरचा पंखा तिनं सोडवला. खाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जी जाळी असायला हवी होती, तिथं जाळी दिसतच नव्हती. काळ्या घोंगडीचा तुकडा घट्ट दाबून बसवल्यासारखा थर होता. पंखा इतके दिवस जीव तोडून फिरत होता, पण त्याचा वारा त्या घोंगडीवर आपटून परत येत होता.

तिनं जुन्या दातांच्या ब्रशनं थर सैल केला, आणि जोर लागून ती अख्खी जाळी उचलून तिच्या हातात आली. प्रोसेसर उघडा पडला. मनकर्णाच्या तोंडून "आई!" असं निघालं ते चौकापर्यंत गेलं असेल. जाळी आणि प्रोसेसर यांच्या मधला, उष्णता ओढून घेणारा मलम वाळून खडू झाला होता.

जंगू दारात. "काय मेलं?"

"अजून नाई," ती म्हणाली.

ब्लोअर सुरू झाला. डब्याच्या पोटातला दुसरा पंखा भोवऱ्यासारखा फिरू नये म्हणून तिनं त्यात पेन्सिल अडकवून ठेवली. जंगूनं नळी आत धरली आणि खोलीत रात्र झाली. दोघं खोकत खोकत खिडकीकडे धावले. कूलर बाजूला सारल्यावर काळे लोट बाहेर पडले आणि गल्लीत पसरले. जंगूचे डोळे तेवढे पांढरे राहिले होते.

"बाई, आता आरशात नका पाहू," तो म्हणाला. "भेवाल."

तशीच तोंड धुऊन ती चंद्रपूरच्या बसमध्ये बसली. प्रोसेसरवर लावायच्या मलमाची नवी सिरिंज रुमालात गुंडाळून आणली. येताना तिच्या मनात एकच होतं, उघड्या प्रोसेसरवर पाल पडली तर? पाल पडली नव्हती. मुगाएवढा मलम लावून तिनं जाळी बसवली, पंखा बसवला, आणि मग बटन दाबायची वेळ आली तेव्हा तिचं धाडस संपलं.

ती उठली आणि गिरजाबाईच्या घरी गेली. उंबऱ्यातच उभी राहून एका दमात बोलून मोकळी झाली. "बाई, मी खोटं बोलली. एकच प्रत हाये. मशीनमधी हाये. मशीन खराब झालं होतं, मी आता लावणार हावो. चाललं तं चाललं. नाई तं मी तुमाले तोंड दाखवाच्या लायकीची नाई."

गिरजाबाई तांदूळ निवडत होती. ताट तिनं बाजूला ठेवलं.

"चल," गिरजाबाई म्हणाली. "जाचं असलं तं मायासमोर जाऊ दे. मागच्या वेळी मी पाणी आणाले आत गेली होती."

दोघी त्या खोलीत बसल्या. दार लावलेलं, बाहेरची धूळ नको म्हणून. कूलर बंद. छतावरून पत्रा आग ओतत होता. मनकर्णानं बटन दाबलं. पंखा फिरला. कट-कट झालं का? एकदा झालं. मनकर्णानं डोळे मिटले. मग झालं नाही. आकडा चढला, चढला, आणि पिवळ्यातच थांबला. लाल झाला नाही. हिरवी पट्टी सरकू लागली. गिरजाबाईनं तिचं मनगट धरलं होतं, ते इतकं घट्ट की बांगडी रुतली, पण मनकर्णा हलली नाही. पट्टी संपली. प्रत झाली. लगेच दुसरी प्रत लावली, तीही झाली.

तेव्हा तिनं धनराज शोधला. मांडवाच्या कडेला तो आचाऱ्याशी हुज्जत घालत होता. "अबे, पाहुणे बसले ना, भात कुठी हाये?" मग कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवत, "मले काऊन काढून राह्यला? पोरीले काढ ना!"

असली दृश्यं मनकर्णा नेहमी कापायची. गिरजाबाई पदर तोंडात कोंबून पाहत होती, ती एकदम हसली. "तोच शर्ट! म्या नवा काढून ठेवला होता, घातला नाई मेल्यानं." आणि मग रडली. दोघी घामानं निथळत, डोळे लाल करून बाहेर आल्या, आणि समोर ओट्यावर पिंकीची आई बसलेली होतीच.

रविवारी विहारात वंदना झाली, भिक्खूंचं बोलणं झालं, आणि मग भिंतीवर धनराज आचाऱ्याला भात मागत राहिला. लोक हसले, मग गिरजाबाईकडे पाहू लागले. त्याच आठवड्यात मनकर्णानं राजदीपला फोन करून खरं सांगितलं. तो पुष्कळ बोलला. काम मात्र काढून घेतलं नाही.

जंगू पुजारी नाही. तो कूलर दुरुस्त करतो आणि त्याला एकही मंत्र येत नाही. किंचाळला तो ब्लोअर, आणि त्याआधी मनकर्णा. मलम प्रोसेसरचा होता. खिडकीतून निघाला तो कोळशाचा भुगा होता.