भरलेली जीप

ग्रुपवाल्यांनो, आधीच सांगतो, भुताखेताला मानणारा माणूस मी नाय. आमच्या पाड्यात कोणाच्या अंगात आलं की मी पुढं बसून हसणारा. भूत समोर आलं तर त्याच्याकडं पयली बिडी मागंन, असा माझा हिशोब. शाळेत मी दोनदा गेलो... एकदा नाव घालायला आणि एकदा खिचडी खायला. म्हणून हे मी बोलतोय आणि माझी पोरगी मनीषा मोबाईलवर लिहितेय. ती मधेच म्हणते, "बाबा, हे नको लिहायला." मी म्हणतो, लिही.

गोष्ट दोन हजार सतराच्या होळीची. आमचा पाडा डहाणू तालुक्यात, कासापासून आत, डोंगराच्या अंगाला. मनीषाची दहावीची परीक्षा, सेंटर कासाला. आमच्या घराण्यात दहावीला बसणारी ही पयलीच. गुरुजी मला बोलले होते, "नवशा, सणाचे दिवस आहेत, गाड्यांचं खरं नाही. पोरीला आदल्या दिवशीच कासाला नातेवाइकांकडे ठेव."

मी छाती काढून बोललो, "गुरुजी, मी हाय ना! बाप कशाला हाय?"

बाप कशाला हाय ते सकाळी कळलं. आमच्याकडं होळी धुळवडीनंतर पण चालते, म्हणून त्या रात्री पण रात्रभर नाचलो, थोडी घेतली पण. मनीषा डोळे पुसत हलवून हलवून उठवत होती. मी म्हणत होतो, "अगं, बस रोज उशिरा येते." त्या दिवशी बस वेळेवर आली. आम्ही रस्त्यावर पोचलो तर पुढं नुसता तिचा धुरळा.

आता राहिली रुपजीची जीप. आमच्याकडची ही जीप ज्यांनी बघितली नाय त्यांना सांगतो... मागं दोन बाकडी समोरासमोर, दार नाय, उतरायला-चढायला एक पायरी. आणि नियम एकच, भरल्याशिवाय हलायचं नाय. रुपजी माणसं मोजत नाय. तो स्टेरिंगवर हात ठेवून बसतो. मागं माणसं बसत जातात, गाडीची मागची बाजू दबते, पुढची उचलते, आणि स्टेरिंग हाताला हलकं लागतं. मग तो म्हणतो, भरली. मागं वळून बघत पण नाय. आरसा तर कधीच फुटलेला.

त्या सकाळी जीपमध्ये कोण? एक भानूमावशी. वरोरची बाई, पाड्यापाड्यात सुकी मासळी विकते, होळीला आमच्याकडंच राहिली होती. बोंबलाची टोपली पायाशी घेऊन बसलेली. दुसरी मनीषा. बस्स. बाकी पाडा होळीच्या राखेत झोपलेला.

"रुपजी, चल ना. पोरीचा पेपर हाय."

"माहीत हाय मला. पण दोन माणसांवर डिझेल जाळलं तर संध्याकाळी तू मला घरी जेवायला घालशील काय? तुझ्या घरात तूच उपाशी."

"गेट बंद झालं तर तिचं वरीस जाईल!"

"मग माणसं आण. तोंड हाय ना तुला? त्याचंच खातोस."

भानूमावशी आतून ओरडली, "मेल्या, रात्री नाचताना बरा जोर होता पायात! पळ आता!"

मनीषा? पुस्तक तोंडासमोर धरून बसली, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ते बघून माझी सगळी नशा उतरली. पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी पळालो. घराघरात गेलो. "चला कासाला! चला, बाजार हाय!" एकानं चादर तोंडावर ओढली. एकानं चप्पल फेकली... दुसरी पण फेक, जोडी होईल, असं बोललो, तर ती पण फेकली. माझा सख्खा भाऊ दारात उभा राहून माझ्याकडं बघून परत आत गेला. पाड्यात माझी किंमत काय ते त्या दिवशी नीट समजलं. एक माणूस मिळालं नाय.

परत येत होतो तर रुपजीचा हॉर्न. इंजिन चालू.

"अरे ये लवकर! भरली गाडी! तुझ्यासाठीच थांबलोय."

बघतो तर खरंच भरलेली. दोन्ही बाकड्यांवर माणसं दाटीवाटीनं, मधे पण कोणी कोणी वाकून उभं. डोक्या-तोंडावर टॉवेल, पदर. त्यात नवल काय नाय... आमचा रस्ता लाल मातीचा, तोंड झाकल्याशिवाय कोण बसतच नाय. मला वाटलं, वरच्या पाड्यातनं आली असतील. मनीषा पार आत कोपऱ्यात दबलेली. भानूमावशीनं टोपली मांडीवर घेतलेली, कारण खाली पायच पाय.

मला जागा नव्हती. मी पायरीवर लटकलो, दोन्ही हातांनी वरचा पाईप धरून. म्हणजे बाहेर पडायच्या वाटेत मीच. हे ध्यानात ठेवा.

माझं तोंड गप बसत नाय. "काय मंडळी, कोणाची वरात?" बोललो. कोण हसलं नाय. म्हटलं, रात्रीचे थकलेत. एवढ्या माणसांत घामाचा वास नाय, तंबाखूचा नाय, नुसता बोंबलाचा.

पुढं तो चढ लागतो, दगडांचा. तिथं भरलेली जीप कधीच चढत नाय. अर्ध्या माणसांनी उतरायचं, मागनं ढकलायचं, मग परत बसायचं. मी उडी मारायला पाय काढला... आणि जीप सरसर वर गेली. रुपजीनं गियर पण बदलला नाय. मागं टायरला पत्रा घासत होता, एवढी गाडी दबलेली, पण चढली मात्र रिकामी असल्यासारखी.

कासाला शाळेच्या गेटसमोर थांबली. शिपाई गेटची कडी हातात धरून उभा. मी खाली उडी टाकली. "उतरा, उतरा, पोरीला वाट द्या!"

मनीषा उतरली. मागनं भानूमावशी टोपली घेऊन.

आणि मग कोण नाय.

आत दोन बाकडी. रिकामी. वाटेत गाडी कुठं थांबली नाय. उतरायची वाट तर मीच अडवून लटकलेलो. माझ्या अंगावरून गेल्याशिवाय माशी पण बाहेर जाणार नाय.

रुपजी आला. "बाकीचे कुठं उतरवलेस?"

"मी उतरवले? गाडी तुझी का माझी?"

तो खाली वाकला, गाडीखाली बघितलं. आत हात घालून बाकडं चाचपलं. आणि तेव्हा मी बघितलं, गाडीची मागची बाजू अजून तशीच दबलेली होती. टायर पत्र्याला टेकलेला. आत माणूस नाय, टोपली नाय.

मनीषा पळत गेटातनं आत गेली. शिपायानं कडी लावली. कडीचा आवाज झाला आणि आमच्यासमोर जीप कर्रर करत वर उचलली. एकदम नाय... एक एक माणूस उतरावं तशी. थोडी, परत थोडी.

भानूमावशीनं टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. रुपजी रस्त्यावरच बसला. माझं तोंड उघडंच होतं, पण आतनं काय आलं नाय. रुपजी आजही सांगतो, नवशाला गप्प बघितलं ते तेवढंच.

आता तुमच्यातले शहाणे म्हणतील, तुझी उतरली नव्हती. मान्य. रुपजीची पण नसंल. पण भानूमावशी दारूला शिवत नाय. आणि मनीषा? पेपर देऊन आली तेव्हा तिच्या दंडावर बांगडीचा वळ होता, गोल. बोलली, "शेजारची बाई गच्च चिकटून बसलेली. पाठ म्हणताना मी चुकले की माझा दंड दाबायची. मी परत पयल्यापासून म्हणायचे." भानूमावशीच्या हातात बांगड्याच नव्हत्या, आणि ती बसलेली समोरच्या बाकड्यावर. वरच्या पाड्यात मी चौकशी केली. त्या दिवशी कोणीच कासाला गेलं नव्हतं.

कोणी म्हणालं भुतं असतील, कोणी म्हणालं पूर्वज होते. माझ्या पूर्वजांना शाळेशी काय घेणं-देणं, ते माझ्यासारखेच. मला काय समजलं नाय, आजपर्यंत नाय. पण झालं ते असंच झालं, यात माझ्या मनाला जरा पण शंका नाय.

मनीषा पास झाली. गणितात काठावर... हे पण लिही गं.

आणि रुपजी? आता परीक्षेचे दिवस आले की तो एका पोरासाठी पण गाडी काढतो. मागच्या खेपेला मी चेष्टा केली, "काय रुपजीशेठ, रिकामीच नेतोस?"

तो हसला नाय. बोलला, "रिकामी कुठं? तू पायरीवर लटक."

मी गप लटकलो.